म्हशीचं पोट

शेवगाव,
२२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. राहीआत्यास,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

धाकटी ज्ञानेश्वरी तुमच्याकडे राहात्याला आल्यापासून घर सुनं झालं आहे. सगळ्या तपासण्या चांगल्या येऊनही दीड वर्ष तिचं पोट दुखतं, शाळा सुटली, आणि आता तिथल्या समुपदेशक मॅडम सांगतात की घरच्यांनी दुखतंय का म्हणून विचारायचं नाही. फोनवर माझ्या तोंडून ते निघतंच, आई-दादांच्याही. म्हणून फोन बंद, पत्रं चालू. कागदावर खोडता तरी येतं, हे मॅडमचं म्हणणं मला पटलं.

पण एक शंका आहे. आजोबांनी मला घरीच पाटीवर पत्राचा मायना शिकवला. त्यात शेवटी खुशाली कळवावी असं असतंच. ते विचारणं धरायचं का? धरत असतील तर मी मायना मोडीन, पण आजोबांना वर काय वाटेल? मॅडमना विचारून कळवा. तोवर ती ओळ पेन्सिलीने लिहिते.

खुशाली कळवावी.

लोभ वाढवावा, माझ्या शंका वजा कराव्यात.
तुमची,
जया

राहाता,
२९ सप्टेंबर

चि. जयास,
आत्याचे अ. उ. आ.

तुझी पेन्सिलीची ओळ मॅडमना दाखवली. लई हसल्या, आणि खोडून टाका म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, की पोरीचं दुखणं खोटं न्हाई. पण राखणीचं कुत्रं चोर गेल्यावरही भुंकत राहतं, तसं झालंय. दर वेळी काय झालं, काय झालं करत आपण बाहेर धावलो, की त्याला वाटतं चोर अजून हाय. मला तरी कुठं राहवतं? पहिला आठवडा मी तोंडात सुपारी धरून काढला.

पोरगी श्वासाचा अभ्यास करते. दुखत असलं तरी रोज थोडं जास्त चालते. दिवाळीनंतर शाळेत बसली न्हाई तर वर्ष जाईल, हे मलाही कळतं. पण मॅडमची अट हाय. तिच्या पोटाची चौकशी नसलेलं एक पत्र तुझ्याकडून आलं, की तिला घरी धाडायची. न्हाईतर घरी जाऊन पुन्हा तेच.

माया कर, पण गप बसून कर.
तुझी,
आत्या

शेवगाव,
७ ऑक्टोबर

चि. ज्ञानेश्वरीस,
ताईचे अ. उ. आ.

कपाशीची वेचणी सुरू झाली. आई तुझ्या दप्तराला ऊन दाखवते. दादांना विचारायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून ते रोज दूधवाल्या बन्सीला पोटाचं विचारतात. त्याला आता खरंच दुखायला लागलं आहे. हे पोट बन्सीचं आहे, तुझं नाही, तसं मॅडमना स्पष्ट सांग.

अश्विनी वर्गातल्या वह्या देऊन गेली. तुझ्या बाकावर अजून कुणाला बसू दिलेलं नाही म्हणते.

आहे हा लोभ असाच राहू दे.
तुझी,
जयाताई

ता. क. आत्याच्या म्हशीचं पोट कसं आहे? पूर्वीपेक्षा कमी दुखतं का? झोप लागते का तिला? म्हशीचं विचारायला मनाई नसावी. असल्यास कळव.

राहाता,
१४ ऑक्टोबर

ती. जयाताईस,
ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्याने मोठ्यांदा वाचलं. ता. क.पाशी थांबली आणि म्हणाली, आपल्याकडं दोन शेळ्या हायत, म्हैस कधी आली? मग तिच्या ध्यानात आलं, आणि तिने सुपारीचा डबा काढला.

अटीप्रमाणे पत्र मॅडमना दाखवावंच लागलं. मला वाटलं, आता शाळा गेली. त्या वाचून बराच वेळ डोळे पुसत होत्या, हसून. म्हणाल्या, या ताईला बंदी घालून उपयोग नाही, उद्या ती कोंबडीचं विचारेल. तिला फक्त प्रश्न बदलायला सांग. म्हशीचं किती दुखतं ते नको, म्हैस आज कुठे जाऊन आली ते विचारायचं. एवढं जमत असेल तर घरी जा म्हणाल्या. जमेल असं मीच तुझ्या वतीने सांगून टाकलं.

तर ऐक. म्हैस काल आठवडी बाजारात गेली होती. वाटेत दुखलं, तेव्हा थांबून श्वास घेतला, कुत्र्याला गप म्हणाली आणि पुढे चालली. येताना भाजीची पिशवी तिनेच उचलली. रविवारी ती आत्याबरोबर एस.टी.ने शेवगावला येते. पोटही येईल, त्याला मागे ठेवता येत नाही. शाळा उघडली की दोघंही जाणार आहेत.

स्टँडवर घ्यायला ये. वैरण नको, लाडू आण.

दादांना नमस्कार, बन्सीच्या पोटाला आराम.
तुझी,
म्हैस