अरेटेचा दुसरा अर्थ

शनिवार, ११ जानेवारी २०२५

जिंकलो! प्रश्नमंजुषेत पेणची आमची शाळा पहिली. रोह्याहून परतताना गाडीत मुलं नुसती किंचाळत होती. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

शेवटचा प्रश्न. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत एक परका शब्द — अरेटे. अर्थ सांगा. रोह्याच्या संघातल्या मृणालीनं आधी घंटी वाजवली. खांब गावची मुलगी. "डोंगराची धार. दोन्ही अंगांनी बर्फानं खरवडून मध्ये उरते ती."

प्रश्न विचारणाऱ्या म्हात्रे सरांनी हातातलं कार्ड पाहिलं. "चूक." प्रश्न आमच्याकडे आला. मनस्वी उभी राहिली — "ग्रीक लोकांचा आदर्श. जे काम करायचं ते उत्तमातलं उत्तम करणं." बरोबर! दहा गुण. पाच गुणांनी जिंकलो.

मृणाली जागेवरून उठली. "सर, भूगोलात हाय हा शब्द!" सरांनी आम्हा तिघा परीक्षकांकडे पाहिलं. बाकीचे दोघे — एक गणिताचे, एक हिंदीच्या. त्यांना काय माहीत असणार? मला माहीत होतं. बावीस वर्षं भूगोल शिकवतेय. ती करवतीसारखी धार दरवर्षी फळ्यावर काढते, खाली नाव लिहिते — शुककूट, म्हणजेच अरेट. इंग्रजी अक्षरं तीच पाच.

दोघांनी 'चूकच' म्हणून माना हलवल्या. मग मीही हलवली.

रविवार, १२ जानेवारी

वह्या तपासायला घेतल्या. एकही झाली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

मनस्वीची आई आली होती, सगुणाबाई. जवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. नखाला काळा रंग तसाच. पिशवीतून वीतभर मूर्ती काढून माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, तुमच्यामुलं झाला सगला." नाक्यावर मनस्वीच्या फोटोचा बॅनर लागलाय म्हणे. पुढची फेरी नाशिकला. पोरगी कधी पनवेलच्या पुढे गेलेली नाही.

मूर्ती कपाटात ठेवली. दार लावून घेतलं.

गुरुवार, १६ जानेवारी

आयोजकांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा राहिलं. दोन्ही अर्थ बरोबर, मृणालीला गुण मिळायला हवेत. "घरी आल्यावर पुस्तकं चाळताना लक्षात आलं" — हे एक वाक्य खोटं. बाकी सगळं खरं!

मुख्याध्यापकांना दाखवलं. ठाकूर सर पत्र वाचून माझ्याकडे बघतच राहिले. "नूतनबाई, कुणी विचारलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग? आपल्याच पोरांच्या पोटावर पाय कशाला?"

तरीही पोस्टात टाकलं.

सोमवार, २० जानेवारी

निकाल बदलला. नाशिकला रोहा जाणार.

वर्गात मीच सांगितलं. कुणीतरी मागून "काय बाई!" म्हणालं. मनस्वीनं वही उघडली आणि तारीख लिहिली. पुढे काहीच लिहिलं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

मनस्वी गैरहजर. बॅनर उतरवला, असं शिपाई सांगत होता.

शुक्रवार, २४ जानेवारी

आता हे नवीनच! आयोजक माझा सत्कार करणार. उद्या, आमच्याच शाळेत. प्रामाणिकपणाबद्दल! म्हात्रे सर स्वतः येणार, रोह्याची मुलं, त्यांचे पालक. ठाकूर सरांचा सूरच बदललाय — "शाळेचं नाव काढलंत, बाई." नको म्हटलं तर म्हणे, विनयसुद्धा आहे!

पुष्पगुच्छ मनस्वीच्या हातून द्यायचा ठरलाय. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

मधल्या सुट्टीत ती शिक्षक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत कुणी नव्हतं.

"बाई, तुम्हाला तिथंच कळलं होतं ना? मृणाली बोलली तवा मी तुमच्याकडंच बघत होते."

"नाही गं," म्हटलं. लगेच. विचारसुद्धा न करता.

"बरं," म्हणाली आणि गेली.

तेरा वर्षांची आहे. तिच्या तोंडावर खोटं बोलले मी. पत्रातलं वाक्य निदान कागदावर होतं.

शनिवार, २५ जानेवारी

मनस्वी पुष्पगुच्छ घेऊन समोर आली. मी हात पुढे केले नाहीत. माइक घेतला. "मला तिथंच माहीत होतं. आपली शाळा जिंकत होती म्हणून गप्प बसले. काल मनस्वीनं विचारलं, तिलाही खोटं सांगितलं." एवढंच.

मागून मृणालीची आई उठली — "मंग माझी पोर वरडून सांगत व्हती, तवा?" मी माइक खाली ठेवला.

सत्काराची शाल आयोजकांनी घडी करून परत नेली. ठाकूर सरांनी सोमवारी केबिनमध्ये बोलावलंय. मनस्वी फाटकापर्यंत सोबत आली.