‘एरवी’ या शब्दावरून

दि. ३ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी मजेत आहोत. तुझी लेक वेळेवर जेवते, आंघोळीला मात्र तासभर लावते. भावजींना नमस्कार सांग. फोनवर तू ‘सगळं ठीक’ म्हणून लगेच ठेवतेस, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात क्लासात तिची सराव परीक्षा झाली. शब्दार्थाचे सगळे प्रश्न बरोबर. वर्गात दुसऱ्या कुणाचेच नाहीत. मी तिथेच शिकवते आणि पेपर माझ्याच कपाटात होता, त्यामुळे मोठ्या सरांच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगू? माझ्याही. पोरगी घरी शब्दकोशाला हात लावत नाही. मी आडून आडून पेपरातलेच शब्द विचारले, तर एकही येईना. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटून मी कपाटाची किल्ली उशाखाली घ्यायला लागले.

काल सरांनी आम्हा दोघींना बोलावलं आणि तिच्यासमोर फळ्यावर लिहिलं: ‘एरवी हसतमुख असणारी ती त्या दिवशी विमनस्क दिसत होती.’ विमनस्क म्हणजे काय? असा शब्दच ऐकला नाही, असं तिने सरळ सांगून टाकलं. सर माझ्याकडे बघायला लागले.

मग ती म्हणाली, “पण ‘एरवी’ लिहिलंय ना? म्हणजे त्या दिवशी नेहमीच्या उलट. उदास असणार.”

सरांनी आणखी वाक्यं घालून पाहिली. ती कुठे ‘तरीही’ पकडायची, कुठे ‘उलट’, आणि उत्तर काढायची. सरांचं समाधान झालं, त्यांनी चहा मागवला. 

घरी येताना ती चार पावलं पुढेच चालत होती. मला वाटलं, संशय घेतला म्हणून रुसली. फाटकाशी थांबली आणि म्हणाली, “मावशी, आई एरवी फोनवर मला ओरडते. हल्ली ओरडतच नाही. बाबा एरवी फोन उचलत नाहीत, आता आधी तेच उचलतात. आणि शनिवार-रविवारी सुट्टी असून तू मला घरी जाऊ देत नाहीस. आईला काय झालंय?”

तू शपथ घातली होतीस, म्हणून म्हटलं, काही नाही गं, अभ्यास कर.  ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. संध्याकाळभर मी कुणाशी फोनवर बोलले की ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात यायची.

आज सकाळी वेणी घालून घेताना, पाठमोरीच, तिने विचारलं, “ऑपरेशन झालं की व्हायचंय?”

मला थाप सुचली नाही गं. व्हायचंय, एवढंच बोलले. मग कितीतरी वेळ तिने मान वळवलीच नाही.

परीक्षा काय, पुढच्या वर्षीही असते. शुक्रवारच्या गाडीने आम्ही येतोय. दार उघडायला भावजींना पाठवू नकोस. हळूहळू चालत ये, भिंत धरून ये, पण तूच ये.

तुला दिलेला शब्द मोडणारी,
तुझी धाकटी