माय, उद्यापासून वेचणी आहे

प्रिय माय,

उद्या आपल्या गावात सीतादही. शेताच्या धुऱ्यावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया पऱ्हाटीत शिरतील आणि कापसाची वेचणी सुरू होईल. तू गेल्यानंतरची ही पहिली वेचणी, म्हणून लिहायला घेतलं. तुला वाचता येत नव्हतं. मी कितीदा पाटी घेऊन मागे लागले, पण तू काही बधली नाहीस. तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नाही, तर त्याचं निम्मं खापर तुझ्याच डोक्यावर!

मी थकले आहे गं. तू श्रावणात गेलीस, तेव्हापासून नीट बसले म्हणून नाही. बालवाडीत दुधाची पावडर कालवायची, नाकं पुसायची, सतरंजी झटकायची, गाणी म्हणायची आणि तेवढ्यात कोणी दाराबाहेर पळालं की त्याच्यामागे धावायचं. तू दारात मांडी घालून बसायचीस, तर एकही पोर उंबरा ओलांडायचं नाही. काही करायची नाहीस, नुसती बसायचीस आणि ओरडायचीस. पण त्या बसण्यानं माझा किती भार हलका होत होता, ते आता कळतंय.

आणि अशात कचेरीतल्या बाई येऊन सांगून गेल्या, "कुसुमताई, मुख्यसेविकेच्या वर्गासाठी तुमची निवड झाली." वर्ग अमरावतीला, दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणार. तो झाला की मी तालुक्यातल्या सगळ्या बालवाड्यांवर देखरेख करायची, नव्या बायांना शिकवायचं. तू असतीस, तर अंजनगावच्या बाजारापर्यंत सांगत सुटली असतीस! मी मात्र त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तोवर इथं कोण?" त्या म्हणाल्या, "बदली बाई मिळाली तर पाहू, नाहीतर बंद राहील. चार महिन्यांनी काय होतं?"

काय होतं, ते तुला आणि मला ठाऊक आहे.

मी पहिल्यांदा अमरावतीला गेले ते तुझ्यामुळे. कपाळ पांढरं करून माहेरी परतले होते. दादा काही बोलत नव्हता, वहिनी चांगली होती, पण दिवसभर मी नुसती भिंतीला टेकून असायचे. बालवाडीच्या बाईंचा वर्ग निघाल्याचं ग्रामसेवकानं सांगितलं, आणि तू मला न विचारताच हो म्हणून आलीस. "जाय शिकाले. इथं बसून का भित पाडतं?" केवढा राग आला होता मला तुझा! महाराष्ट्र नुकताच झाला होता, जिकडेतिकडे काहीतरी नवं निघत होतं, आणि त्यात तू मला ढकलून दिलंस.

वर्गातल्या मोठ्या बाई पुण्याच्या. फार मायेच्या, पण आमचं मले-तुले ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. भिंतीवर तक्ते होते. गुबगुबीत बाळ, हसरी आई, पुढ्यात दूध आणि संत्री. आम्ही मातीची फळं केली, मणी ओवले, अभिनयगीतं पाठ केली. मूल झोपलं असेल तर त्याला उठवू नये, हे तिथंच शिकले. बाळाला अफू देऊ नये, हेही तिथंच. मोठ्या बाईंनी तो शब्द असा उच्चारला, जणू ही गोष्ट कुठल्या दूरदेशी होत असेल. आम्ही गावच्या मुली खाली बघत बसलो.

परत येऊन गावात बालवाडी उघडली, आणि घरी पाहते तर वहिनीचा गजू झोपलेला. सकाळी झोपलेला, दुपारी झोपलेला. डोळ्यावर माशी बसली तरी पापणी हलेना.

"माय, याले अफू देल्ली काय?"

"देल्ली. राईएवढी. काऊन?"

"मरन ना पोरगं!"

"तुलेबी देलं होतं. मेली काय तू?"

मग मी तुला मोठं व्याख्यान दिलं. तक्त्यावरचं सगळं सांगितलं. सरकारनं बंदी आणलीय, पोलीस पकडतील, असंही घाबरवलं. तू हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "झालं तुह्यं? आता सांग. मी अन् तुही वहिनी वावरात गेल्यावर याले कोन पाहीन? तुह्या पुन्याच्या बाई येतीन काय?"

याचं उत्तर वर्गात शिकवलं नव्हतं. माता-सभा कशी घ्यावी, आयांशी गोड कसं बोलावं, सगळं सांगितलं होतं. पण बालवाडी भरते दहाला आणि वेचणीची बाई घर सोडते तांबडं फुटायच्या आत, हे त्यांच्या कुठल्याच तासाला आलं नव्हतं. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि मी तर या गावची!

दुसऱ्या दिवशी पहाटे तू गजूला माझ्या अंथरुणावर आणून टाकलंस. "घे. निभव आता तुह्यं शिक्शन." आणि ओटी बांधून निघून गेलीस. काय रडला तो, माय! दादाची झोपमोड नको म्हणून मी त्याला घेऊन बालवाडीत गेले, कंदील लावला, येरझारा घालत राहिले. वावराकडे निघालेल्या बायांना उजेड दिसला. एक आत डोकावली. "बाई उठलीच हाये, त आमचंबी पाह्य." तिनं तिचं लेकरू ठेवलं, पाठोपाठ दुसरीनं ठेवलं. माझे केस पिंजारलेले, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं.

आपली पहाटेची बालवाडी अशी सुरू झाली. कचेरीतल्या बाई कौतुकानं विचारतात, ही कल्पना कशी सुचली? आता त्यांना काय सांगू, की माझ्या मायनं रागाच्या भरात पोरगं आणून आदळलं म्हणून?

पुढच्या हंगामात तुझे गुडघे गेले आणि तू माझ्याकडे येऊन बसू लागलीस. तेही धड नाही. शेवंता बुद्धविहारामागं राहते म्हणून तिचं लेकरू मांडीवर घ्यायला तू आधी नकार दिलास. "तिचं तू घे, मले दुसरं दे." मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. आठवड्याच्या आत तेच पोरगं तुझ्या मांडीवाचून गप्प राहीना, आणि तूही त्याला कोणाकडे देईनास. समजूत घालायला मी शब्द जुळवून ठेवले होते, ते तसेच राहिले.

पण आपलं खरं भांडण झोपेवरून. लेकरू जरा डोळा लागून पडलं, की तू त्याच्या नाकाशी बोट धरायचीस. तेवढ्यानं भागलं नाही, तर तळपायाला चिमटा! ते दचकून रडायला लागलं की तुझा जीव भांड्यात पडायचा.

"अवं माय, झोपलं हाये ते. राहू दे ना!"

"पायतो फक्त."

"वर्गात सांगतलं, झोपल्या लेकराले उठवू नये."

"तुह्या वर्गाले काय समजते?"

कचेरीतल्या बाईंनी एकदा ते पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आईंना जरा समजवा. मी समजावलं. तू ऐकून घेतलंस आणि उठून पुन्हा सगळ्या झोपलेल्यांच्या नाकाशी बोट धरून आलीस. हट्टी म्हातारी, म्हणाले मी मनात. दुसरं काय म्हणणार? तू सांगितलंस का कधी?

तेरवीच्या दिवशी मोर्शीची मावशी माझ्याजवळ बसली होती. गजू दमून पाटावरच झोपला होता. मावशी त्याच्याकडे बघत सहज बोलून गेली, "तुह्या अगुदर एक पोरगा झाला होता तुह्या मायले. वेचनीचे दिवस होते. झोपला तो उठलाच नाही." मी विचारलं, कशानं? मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "कशानं म्हंजे? गोळी जरा मोठी झाली असन."

माय, त्याचं नाव काय होतं? मावशीला आठवत नाही. दादाला तर ठाऊकच नाही, असा कुणी होता ते. तू एकटीच ते घेऊन इतकी वर्षं कशी राहिलीस?

आणि एक विचारू? रागावू नकोस. त्याच्यानंतर तू मलाही दिलीस ना? "तुलेबी देलं होतं" म्हणालीस ते खरंच ना? ती गोळी माझ्या जिभेवर ठेवताना तुझ्या मनात काय आलं असेल? वेचायला गेलीस, ओटीत कापूस भरत राहिलीस, आणि दिवसभर एकच धास्ती, की घरी जाऊन पाहीन तेव्हा ही उठेल ना? मी दोष देत नाही. दोष द्यायलाही अंगात बळ लागतं, तेवढं आता माझ्यात नाही. पण तुला दुसरा मार्ग कुणीच दाखवला नाही, याचा मला फार राग येतो.

तू एकदा तरी बोलली असतीस! त्या पुण्याच्या बाईंना मी सांगितलं असतं, की तक्ता काढून ठेवा आणि माझ्या मायचं ऐका.

आज दुपारी शेवंता तिच्या धाकटीला घेऊन आली. भुईमूग काढायला जातेय चार दिवसांपासून. पोरगी हातात घेतली आणि मला कळलं. मान लुळी, अंग जड. मी तिच्या तोंडावर गार पाणी मारलं, तळपाय चोळले, हाका मारल्या. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि रडली. मग मी शेवंतावर ओरडले. काय काय बोलले, ते माझं मलाच आठवत नाही.

शेवंतानं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. पोरीला खांद्यावर घेऊन म्हणाली, "बाई, तुमी अमरावतीले चालल्या म्हनते. आजी त गेलीच. मंग मी हिले आतापासून सवय लावून राहिली. एकदम देल्लं त झेपत नाही ना लेकराले."

माय, ऐकलंस? ती लेकराची काळजी घेऊनच हे करत होती!

संध्याकाळी मी कचेरीला कळवून टाकलं. वेचणीच्या दिवसांत मी येऊ शकत नाही. वर्ग उन्हाळ्यात ठेवा, वावरं रिकामी असतात तेव्हा, म्हणजे माझ्यासारख्या इतरही येतील. त्या म्हणतील, कुसुमताई, अशी संधी पुन्हा येत नसते. नसेल येत. मला वाईट वाटलं नाही, असं खोटं लिहिणार नाही. मला जायचं होतं. फार जायचं होतं. चार महिने कुणाचं नाक न पुसता बाकावर बसून शिकायचं होतं.

तू असतीस, तर तुला आधी अभिमान वाटला असता, मग माझ्या नकारावर तू मला शिव्या दिल्या असत्यास. दोन्हींना मुकले.

पण एक वचन देते, आणि ते तुला आवडणार नाही. उद्या धुऱ्यावर गावच्या सगळ्या बाया जमतील. शेवंता येईल, वहिनी येईल. पहाटे बालवाडीचं दार उघडं राहील, हे तर मी सांगेनच. त्याबरोबर माझ्या भावाचंही सांगणार आहे. तो वेचणीच्या दिवसांत झोपला आणि उठला नाही, हे सांगणार आहे. त्याची माय वाईट नव्हती, तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, हेही सांगणार आहे. तक्त्यावरचं ऐकून कुणी गोळी फेकत नाही, ते मी पाहून चुकले.

तू म्हणशील, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? आजवर तुझं बरंच ऐकलं, माय. हे नाही ऐकणार. तो तुझा लेक होता, तसा माझाही भाऊ होता. मी त्याची बहीण आहे, आणि त्याच्याबद्दल घराबाहेर अजून एक शब्दही कुणाशी बोललेले नाही.

तुझी,
कुसुम