धडधडीचे शुद्धिपत्रक

देऊळगाव राजा,
रविवार

सौ. स्नेहलतास,

उद्धवचे अनेक आशीर्वाद, आणि नातीला त्याहून चार जास्त. तुम्ही सगळी पुण्यात खुशाल असालच. मीही खुशाल आहे, असे या वाक्यापुरते समज. (फोनच करणार होतो, पण आपली लेक गार्गी स्पीकर लावते आणि माझी तब्येत व्याह्यांपर्यंत पोचते.)

नातीला सांभाळायला तू गेलीस त्याला चार महिने झाले. मागच्या पत्रात मी लिहिले होते, की गच्चीचा जिना चढताना तुझी आठवण येते, छातीत धडधडते, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ते पत्र तू उशीखाली ठेवलेस म्हणे. तहसील कचेरीत तीस वर्षे कारकुनी केलेला मी, चुकीची नोंद तशीच ठेवू शकत नाही. सबब हे शुद्धिपत्रक: ती धडधड तुझी नव्हती, अंगातले रक्त कमी झाल्याची होती.

चूक माझ्या एकट्याची नाही. शेजारचा गजेंद्र म्हणाला, "काका, तुम्ही तं गोरे होऊन राह्यले! काकू नाहीत तं मानवलं तुम्हाले." जन्मात पहिल्यांदा कुणी गोरा म्हटले, मी दोनदा आरसा पाहिला आणि तोच साबण पुन्हा आणला. सारखा बर्फ चघळावासा वाटे, त्याचे खापर उन्हावर फोडले. सकाळी अकरालाच गळून जाई, ते रोजच्या खिचडीवर. आशाताई लाल गोळ्या बायकांनाच वाटतात, तेव्हा हे दुखणे पुरुषांना होतच नाही अशी माझी पक्की समजूत. शेवटी बँकेच्या रांगेत मटकन खाली बसलो. गजेंद्रनेच डॉक्टर सारिकाकडे नेले. तिने पापणी खाली ओढली, नखे पाहिली आणि विचारले, "काका, घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही हे?" मी म्हटले, जिच्या लक्षात आले असते ती पुण्यात आहे. हिमोग्लोबिन साडेसात निघाले.

आता गोळ्या चालू आहेत. बर्फ सुटला. पण जेवायला अजून दोन ताटे काढतो आणि एक परत मांडणीवर ठेवतो. तेवढी नोंद मागच्या पत्रातली कायम समजावी. तू येण्याची काहीच गरज नाही.

तुझा
उद्धव

ता. क. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या मी उपाशीपोटी घेत होतो. त्यांनी पोटात रक्त झिरपत असावे, असे डॉक्टरला वाटते. (शौचाला काळे होत होते. तू जेवताना पत्र वाचतेस, म्हणून हे तळाशी लिहिले.)

आणखी ता. क. पुरुषाचे रक्त उगीच कमी होत नाही, म्हणून येत्या अठरा तारखेला जालन्याला दुर्बिणीने पोट तपासायचे आहे. सोबत घरचे माणूस लागते. गजेंद्र तयार होता. त्याला सांगितले, घरचे माणूस येणार आहे. मला भीती वाटते गं. पुण्याची गाडी जालन्यावरूनच येते. मी त्या दिवशी सकाळी आठपासून जालन्याच्या स्टँडवर बसतो. चार महिन्यांत बदललो आहे, चटकन ओळखणार नाहीस. गोरा दिसेल तो मीच.