मूळ पॅकिंगसह

१० ऑगस्ट २०१४, रविवार. राखीपौर्णिमा.

आमच्या ऋचाच्या ढोलपथकाने चाळीस झब्बे शिवायचं काम तिच्या आईला, म्हणजे हेमाला दिलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत घालायचे. हेमाची आयुष्यातली पहिली ऑर्डर. जुनं हातमशीन तीन टाके घालतं आणि चौथ्याला विचार करत बसतं, म्हणून मोटरचं नवीन हवं. मी तिथल्या तिथे शब्द दिला. हाच शब्द मी १९८९ सालीही दिला होता, असं हेमा म्हणाली. साल बरोबर असावं. तिची सालं बरोबर असतात.

ओवाळून घ्यायला मेहुणे श्रीधर आले होते. तुळशीबागेजवळ त्यांचं शिलाई मशीनचं दुकान आहे. "भाऊजी, उद्या घरी पोचवतो, बसवूनही देतो," म्हणाले. मी शांतपणे सांगितलं की उदारीकरणाला तेवीस वर्षं झाली, आता मशीन मेहुण्याकडूनच घ्यावं असा नियम राहिलेला नाही. त्यांनी नारळीभात दोनदा घेतला आणि गेले.

रात्री ऋचाच्या मोबाईलवरून ऑर्डर दिली. ऋचा खराडीला आयटीत आहे, पण बटण मीच दाबलं.

१७ ऑगस्ट

सकाळी ७.१०. पार्सल भिवंडीत.

७.४०. भिवंडीत.

दुपारी ४. हेमाने झब्ब्यांचं कापड बेतून कापलं. पार्सल भिवंडीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आलं. खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण होता. बाणाचं टोक जमिनीकडे. सही केली, मग उघडलं. (हा क्रम उलटा हवा होता म्हणे. ऋचाला सगळं नंतर सुचतं.)

चाक तुटलेलं, सुईचा दांडा वाकलेला, अंगाला आरपार तडा. हेमा कापलेल्या कापडाच्या घड्या घालून पिशवीत भरत बसली. मला वाईट वाटलं. खरंच फार वाटलं. म्हणून ठरवलं, कंपनीला सोडायचं नाही.

ऋचा म्हणाली, "बाबा, सिंपल आहे, 'रिप्लेस' क्लिक करा. दहा दिवस असतात." क्लिक केल्याने अपमान भरून निघत नाही. आधी लेखी माफी, मग मशीन. एकतीस वर्षं मी विम्याच्या क्लेम खात्यात होतो. एकही क्लेम पहिल्या अर्जात मंजूर होऊ दिला नाही. मला कोण काय शिकवणार?

२२ ऑगस्ट

कस्टमर केअर. पस्तीस मिनिटं सनई ऐकली, मग दीपमाला नावाची मुलगी. मूळची यवतमाळची, बसते खराडीत. "सर, मी आत्ताच बदलून देते न. फक्त खोकं अन् थर्मोकोल जपून ठेवा." खोक्याबद्दल मला सांगू नका, असं सुनावलं आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी माफीपत्र मागितलं. "वर कळवते," म्हणाली. आवाजावरून घाबरली असावी.

दुपारी हेमा पिशवी घेऊन बाहेर गेली. शेजारच्या शैलाताईंकडे अथर्वशीर्षाचा सराव असणार. विचारलं नाही. दुःखात माणसाला मोकळं सोडावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

कंपनीची मेल. 'आम्हाला खेद वाटतो.' खेद म्हणजे माफी नव्हे. चार पानी उत्तर पाठवलं. पान तीन समाजातल्या ढासळत्या शिष्टाचाराबद्दल सर्वसाधारण होतं.

हेमा सहाला परतली. साडीला पांढरे दोरे चिकटलेले. अथर्वशीर्षाला दोरे कशाला? वाती वळत असतील.

२७ ऑगस्ट

यंदाचं मखर मी केलं. मशीनबरोबर आलेलं थर्मोकोल अगदी मापाचं निघालं. त्याचे खांब. खोकं पालथं घातलं की झालं सिंहासन. पुढच्या बाजूला कमान कापली, सोनेरी रंग दिला. बाजारात अशा मखराला वाट्टेल ती किंमत सांगतात.

हेमाने विचारलं, "अहो, ते खोकं परत द्यायचंय ना?"

मी विचारलं, त्या मशीनचं आता आणखी काय तुटायचं राहिलंय? तुटक्या मालाला पॅकिंग लागत नाही. तिला पटलं. निदान बोलली नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. गणेश चतुर्थी.

गणपती बसले. मखर बघायला खालचा मजलासुद्धा वर येऊन गेला, एरवी ते लोक पाण्याच्या तक्रारीलाच येतात. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. एवढं मखर दीड दिवसात मोडायचं म्हणजे कलेचा अपमान. यंदा दहा दिवस ठेवायचे, असं आरतीनंतर सर्वांसमोर जाहीर केलं. हेमा म्हणाली, "बघा बाई, तुमचं तुम्ही."

रात्री ९.२०. विजय! माफीची मेल आली. 'मनःपूर्वक' हा शब्द आहे आणि खाली नाव आहे. ताबडतोब 'रिप्लेस' दाबलं. अर्जाचा पाठपुरावा कसा करावा हे या पिढीने शिकायला हवं.

३० ऑगस्ट

दुपारी १२ वाजता कंपनीचा माणूस दारात. छातीवर नाव, उत्तरेश्वर. बार्शीकडचा. मशीन उलटसुलट पाहिलं आणि खोकं विचारलं. मी मखराकडे बोट दाखवलं. त्याने बूट काढले, हात जोडले, दोन मोदक खाल्ले, मग म्हणाला, "काका, त्येच्यावर देव बसलाय की."

नुसतं मशीन न्या म्हटलं. "मूळ पॅकिंगबिगर आत घेत न्हाईत." बिस्किटांचं खोकं देऊ केलं. मान हलवली. मोबाईलवर 'पॅकिंग नाही' असं दाबलं. "उद्या शेवटचा दिस हाय," जाताना म्हणाला.

दीड दिवसाचा असता तर आज संध्याकाळी खोकं मोकळं झालं असतं. हे हेमा बोलली नाही. पण मोदकाची परात उचलताना तिने मखराकडे आणि मग माझ्याकडे ज्या क्रमाने पाहिलं, त्यावरून मला कळलं.

३१ ऑगस्ट

सकाळी ११.४५. मूर्ती अलगद उचलून पाटावर ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. हेमाने विचारलं, "दहा दिवस कोणी कबूल केले?" प्रस्ताव मागे घेतला.

१२.३०. दीपमालाला फोन करून मुदतवाढ मागितली. "सर, गणपती बसलेत हे कारण आमच्या लिस्टमध्ये नाही न." कायद्यात मानवी दृष्टिकोन नावाची गोष्ट असते, असं तिला सांगितलं. क्लेम खात्यात लोक मला नेहमी हेच सांगत.

रात्री १२. मुदत संपली.

४ सप्टेंबर

ग्राहक मंच! मसुदा सुरू. आज 'महोदय' पर्यंत आलो.

हेमा शांत आहे. फारच शांत. धक्का बसला असणार. रोज दुपारी बाहेर जाते. बोटाला पट्टी आहे. वातींनी बोट कसं कापतं कोण जाणे. झब्ब्यांचा विषय मी काढत नाही, तिला रडू येईल. पहिलीच ऑर्डर, आणि ती माझ्यामुळे, म्हणजे कंपनीमुळे गेली. पथकाच्या प्रमुखाची मी स्वतः माफी मागणार आहे. लेखी.

८ सप्टेंबर, सोमवार. अनंत चतुर्दशी.

सकाळी आमच्या गणपतींचं विसर्जन. खोक्याचा तळ खचला होता, कमानीतून हात आरपार जातो.

दुपारी माफीपत्र खिशात घालून लक्ष्मी रोडला उभा राहिलो. ऋचाचं पथक आलं. चाळीस जण, चाळीस पांढरेशुभ्र झब्बे. घाईघाईत तयार विकत घेतले असणार, असं मी शेजारच्याला सांगत होतो. शेजारी श्रीधर निघाले.

"भाऊजी, ताईनं शिवलेत. रोज दुकानात येऊन बसायची. काल रात्री चाळिसावा झाला. तिचं मशीन उद्या घरी पोचवतो, बसवूनही देतो."

तेवढ्यात प्रमुखाने हेमाला रिंगणात बोलावलं आणि टिपरू हातात दिलं. तिने ढोलावर पहिला ठोका मारला. हेमा इतक्या जोरात काही मारू शकते, हे पंचवीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, बराच वेळ. डोळ्यांत पाणी आलं. गुलाल गेला असावा.

माफीपत्र खिशातच राहिलं. कोणाला द्यायचं तेही आता बदललं होतं.

९ सप्टेंबर

सकाळी १०.१०. श्रीधर मशीन घेऊन हजर. बसवलं, तेल घातलं, पोहे खाल्ले. एकही टोमणा मारला नाही. हे मुद्दाम.

कंपनीची मेल. 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' उत्तराचा मसुदा करणार होतो. राहू दे.

संध्याकाळी ५. हेमाने माझ्यापुढे एक झब्बा ठेवला. एक्केचाळिसावा? नाही म्हणाली, सगळ्यात पहिला. दुकानातल्या मोटरच्या मशीनवर हात बसेपर्यंत तुमच्या मापावर शिकले. घालून पाहिला. डावी बाही चार बोटं आखूड आहे. बदलून मिळेल का, असं विचारलं.

"मिळेल की," हेमा म्हणाली. "मूळ पॅकिंग आणा."

रात्री ९.३०. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. आता सारख्या दिसतात.