उडाली का, पाहिलं नाही

१३ नोव्हेंबर, गुरुवार
रानमधमाशीचा फोटो निवडला गेला. फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात दर्शनी भिंत. वाळक्या काडीला जबड्यानं धरून झोपलेली, पोटावर निळे पट्टे, अंगभर दव. फोकस केसाकेसानं पुढे सरकवत घेतलेल्या तीसएक फ्रेम जोडून एक चित्र. इतकी स्थिर माशी मला आजवर मिळाली नव्हती.
मांडणी सुहासकडे आहे. त्याचाच फोन. "अभिनंदन मॅडम. फ्रिजमधली नाही ना?"
हसले. पण लागलं. गेल्या वर्षी त्यानं भुंगा फ्रिजमध्ये गारठवून फोटो काढला होता. हरकत मीच घेतली, फोटो उतरवला गेला. तेव्हापासून प्रत्येकानं सही करायची: कीटक जिवंत, न हाताळलेला. मीही केली. क्षणभरही न थांबता.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मखमलाबादला मालतीकाकूंच्या मळ्यावर. ॲस्टर फुललाय. छोटी प्रिंट दिली. काकूंनी ती लांब धरली, जवळ धरली.
"ही आमच्या बांधावरची? अगं बया, डोळे पाहा केवढे! आमच्या सासूबाईंसारखे."
मग सहज म्हणाल्या, "त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं बी, ताईंना वास येईल. आदल्या सांजेलाच औषध मारलं व्हतं ना."
"कुठे मारलं?"
"सगळीकडं. बांधापासून सुरू केलं. मावा लय पडला व्हता."
चहा अर्धा तसाच ठेवला. काकूंना वाटलं साखर कमी झाली.

१६ नोव्हेंबर, रविवार
दव होतं की औषध? थेंब मोठे करकरून पाहिले. थेंब थेंबासारखेच दिसतात.
आणि ती झोपली होती, की...
एक गोष्ट आठवली. फ्रेम जोडल्यावर एका मिशीच्या टोकाला दुहेरी सावली आली होती. ती डाग समजून मी निगुतीनं पुसली. मिशी दोन फ्रेमच्या मधे हलली असेल तरच अशी सावली येते. म्हणजे जिवंत! मूळ फ्रेम उघडल्या. हललीय. पण काडीही किंचित सरकलीय. वारा.
नवरोबा मंगेश भाजी गॅसवर चढवता चढवता म्हणाला, "हलली ना? मग संपलं."
"वाऱ्यानं मेलेली पण हलते."
"तू वकील व्हायला हवं होतंस. स्वतःच्याच विरुद्ध."

१७ नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर ऑफिसात तेच. त्या सकाळी नेमकं काय झालं? ऊन यायच्या आधी पोचले. नेहमी उजाडता उजाडता माश्या थरथरायला लागतात, आपली धांदल उडते. ही हलेचना. मी खूश. मनातल्या मनात तिचे आभारसुद्धा मानले. शेवटची फ्रेम झाली, ट्रायपॉड आवरला, काकूंकडे चहाला गेले.
ती उडाली का, पाहिलं नाही.
इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले की आधी जीव, मग फोटो.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सुहासला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं टोमणा येईल. आला नाही.
म्हणाला, "माझा भुंगा उडाला होता, मॅडम. फ्रिजमधून काढल्यावर थोड्या वेळात. खिडकीतून गेला."
"तुम्ही तेव्हा बोलला नाहीत."
"तुम्ही विचारलं कुठे?"
खरंय. गारठवणं चूकच, आजही म्हणेन. पण विचारलं नाही, हेही खरं.
"मग माझा उतरवायचा का?"
"सही तुमची आहे. शनिवारी सकाळी नावं छापायला जातात. त्याआधी सांगा."

२२ नोव्हेंबर, शनिवार
बांधावर बसून लिहितेय. अंधार असतानाच निघाले. मंगेशनं थर्मास हातात दिला.
त्याच काडीवर एक माशी आहे. तशीच, जबड्यानं धरून. अंगावर थेंब. कॅमेरा बॅगेतच.
काकू वरून ओरडल्या, "ताई, जपून! काल सांजेला परत मारलंय!"
म्हणजे सगळं तसंच जुळून आलंय. ही उडाली तरी फोटोतली जिवंत होती असं सिद्ध होत नाही, कळतंय. नाही उडाली तर मात्र... आणि इथे नुसती बघत बसणं म्हणजे तरी काय? काडी मोडून तिला लांब नेऊ? मग न हाताळलेली कुठे राहिली. दोनदा हात पुढे केला, मागे घेतला.
सुहासचा फोन. "मॅडम, छापखान्यात उभा आहे. नाव ठेवू की काढू?"
"थांबा जरा."
"किती?"
ऊन काकूंच्या ॲस्टरवर आलंय. काडी अजून सावलीत. मिशी हलल्यासारखी वाटली. वारा नाहीये. बहुतेक.
"ऊन इथपर्यंत येऊ दे."
त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही.