ब्रेडाच्या देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा

१४ ऑगस्ट २०१६, रवि.
ट्रेनने ब्रेडाला जाऊन आले. अख्ख्या नेदरलँड्समध्ये नात्यातली मीच एकटी. सुमनमावशीचा हुकूम: आपल्या ऋचाला, माझ्या लेकीला, सांगून आलेला मुलगा तू प्रत्यक्ष बघून ये, फोटोवरून काय कळतंय. केदार. फोटोतल्यापेक्षा जरा सुटलाय, बाकी ठीक. चहा स्वतः केला. फ्लॅट लख्ख. ओट्याशेजारी देव्हारा, आणि त्यात अन्नपूर्णा!
एकट्या पोराकडे अन्नपूर्णा कशी? ती तर नवरी माहेराहून आणते. मी माझी स्वेटरात गुंडाळून आणली होती. विचारलं. "आईनं दिली," म्हणाला, आणि साखर किती म्हणून विचारलं. माझ्या कपात साखर घालून झाली होती.

१५ ऑगस्ट
मावशीला फोन. तिने लगेच त्याच्या आईला विचारलं. आई म्हणे, त्याने तिकडच्याच दुकानातून घेतली. अगं मावशी, मुलगा एक सांगतो, आई दुसरंच!
"एवढ्याशा मूर्तीवरून लग्न मोडू? आधीच दोन स्थळं हातची गेलीत. ऋचाला यातलं काही बोललीस तर माझी शपथ आहे तुला."
नवरोबा: तू कशाला मध्ये पडतेस? मग मला पाठवलं कशाला सगळ्यांनी? डोकं फिरलंय.

२० ऑगस्ट, शनि.
शेजारच्या केइकोला सांगितलं. तिची पणजी जपानहून अमेरिकेला गेली, नवऱ्याचा फक्त फोटो बघून. लग्न गावीच लावलेलं, नवऱ्याशिवाय. बोटीतून उतरल्यावर तिच्यासारख्या सगळ्याजणी हातातल्या फोटोशी चेहरे ताडून बघत होत्या. फोटोत तरुण, समोर पांढऱ्या केसांचा.
"मग परत गेली?"
"कुठे?" केइको म्हणाली.
घरी येऊन ऋचाला मेसेज लिहिला. खोडला. शपथाबिपथा मी मानत नाही म्हणे. भित्री आहे मी, दुसरं काय.

४ डिसेंबर
झालं लग्न. फोटो आले. गौरीहरापाशी ऋचा, पुढ्यात तिची नवी कोरी अन्नपूर्णा. हसतेय. बघवेना. फोन बंद केला, कपड्यांच्या घड्या घालत बसले.

१ मार्च २०१७
विमानतळावर ऋचाला आणायला मीही गेले. पर्स पोटाशी धरलेली. "ताई, देवीला बॅगेत नाही गं टाकलं, जवळच ठेवलंय." केदारने ढकलगाडी घेतली, भराभर पुढे गेला. ती मागून जवळजवळ पळत. बोलायला दोन मिनिटं तरी मिळायला हवी होती. मिळाली असती तर बोलले असते का?

५ मार्च, रवि.
सकाळी ऋचाचा फोटो. देव्हाऱ्यात दोन अन्नपूर्णा, शेजारी शेजारी. जुनी जरा काळवंडलेली.
"ताई, इथे आधीच एक आहे. केदार म्हणतो आईंची. पण आईंची तर मी त्यांच्या देव्हाऱ्यात पाहिलीय. ही कुणाची? आणि जिची असेल ती आपली देवी सोडून कशी गेली गं?"
मी वाचलंय, हे तिला दिसतंय.
लिहिलं: आत्ता एकटी आहेस का?
दुपार झाली. अजून उत्तर नाही.